तोंडोतोंडी फिरलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना दम्याचा पंप आहे. दम्याचा म्हणतात म्हणून मीही म्हणतो, नाहीतर माझ्यात औषधाचा कणसुद्धा नाही. पहिल्यापासून नव्हता. माझं रूप मात्र खऱ्या पंपासारखंच आहे. निळं अंग, पुढे आखूड नळी आणि डोक्यात खोचलेली धातूची डबी. डबी दाबली की फुस्स आवाज होतो आणि नुसती हवा बाहेर येते. पंप कसा हलवायचा, तोंडात कसा धरायचा, श्वास केव्हा ओढायचा, हे लोकांनी माझ्यावर शिकावं म्हणून मला बनवलं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी इतका स्वच्छ होतो की माझा मलाच अभिमान वाटायचा. शिकवायचं काम म्हणजे मानाचं काम, अशी माझी समजूत होती. पोतोसीच्या इस्पितळात आलो आणि तो मान पहिल्याच दिवशी थुंकीत भिजला.

पोतोसी हे बोलिव्हियातलं खाणीचं गाव. इथे माणसं डोंगराच्या पोटात उतरतात आणि म्हातारपणी छातीत धूळ घेऊन इस्पितळात येतात. बरी होऊन घरी निघाली की त्यांना शेवटी भेटतात ती फार्मसी कॉलेजची मुलं. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, कुठलं औषध मध्येच सोडायचं नाही, हे ती समजावून सांगतात. पंपाची पाळी आली की मी त्यांच्या खिशातून बाहेर निघतो आणि रोग्याच्या तोंडात जातो.

आणि ती तोंडं! मित्राच्या बाटलीतून पाणी पिताना तुम्ही ती ओठांपासून वर धरता ना? मला ती सोय नव्हती. कुणी कच्चा कांदा खाऊन आलेलं, कुणी मटणाचं सूप पिऊन. कुणाची दाढ किडलेली. एका आजोबांची कवळी तर माझ्याबरोबरच बाहेर आली. मग मुलं मला स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, आणि तोच बोळा पुढच्या रोग्यासाठी जपून ठेवायची. एकदा त्यांच्या शिक्षिका गुत्येरेस मॅडमनी वर्गात मला उंच धरून म्हटलं होतं, "याला नीट वापराल तर माणसं इस्पितळात परत येणार नाहीत." तेवढंच काय ते कौतुक. एरवी मी बिस्किटांच्या चुऱ्यात पडून असायचो.

अशात मी त्याच कॉलेजातल्या लिझेथ कोल्के नावाच्या मुलीच्या खिशात आलो. ती मला दोन बोटांनी, मेलेला उंदीर उचलावा तशी उचलायची. खरं सांगू? मला ती फार आवडली. घाणीला घाण म्हणणारं निदान एक माणूस भेटलं होतं.

एके दिवशी ताता फाउस्तिनो घरी निघाले. ताता म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला मानाने मारायची हाक. सगळं आयुष्य खाणीत गेलेलं, आता खाटेवरून उठून खिडकीपर्यंत गेले तरी धाप लागायची. त्यांची मुलगी हुस्ता गाठोडं बांधून उभी होती. तातांच्या गालात, खाणीतली माणसं चघळतात त्या कोकाच्या पानांचा बोळा होता, ओठाच्या कोपऱ्यातून हिरवा ओघळ आला होता, दात शेवाळलेले होते. ते तोंड बघून मी मनात म्हटलं, इथे नको. लिझेथच्या मनात तेच आलं.

मला त्यांच्या तोंडात देऊन, त्यांच्याकडून सगळं करून घ्यायचं, असा तिथला नियम. लिझेथने मला स्वतःच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरलं आणि नुसती नक्कल केली.

"ताता, पंप आधी हलवायचा. मग एकदोन फवारे बाहेर हवेत सोडायचे. मग तोंडात धरून श्वास ओढायचा. समजलं?"

तातांचा चेहरा उजळला. "आधी बाहेर सोडायचे? मग खाली जमिनीकडे सोडले तर चालेल का पोरी?"

"कुठेही सोडा. समजलं ना?"

"समजलं. इतके दिवस तुम्ही लोक हे सांगत का नव्हता?"

लिझेथ हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली. काय समजलं, ते तिने विचारलं नाही.

खरा पंप जितके दिवस पुरायला हवा होता तितके काही पुरला नाही. ताता चाकाच्या खुर्चीतून परत आले. ओठ जांभळे, खांदे वरखाली होत होते, श्वास काही आत जात नव्हता. त्यांना प्राणवायू लावला. हुस्ता दारातच लिझेथवर तुटून पडली.

"तुमचं औषधच खोटं आहे. बाबांनी एक वेळ चुकवली नाही, आणि ही त्यांची दशा. ते गेले असते म्हणजे कुणाला विचारलं असतं मी?"

ताता बोलण्याजोगे झाल्यावर गुत्येरेस मॅडमनी लिझेथला विचारलं, "त्यांनी तुला करून दाखवलं होतं का?"

"समजलं म्हणाले, मॅडम."

"समजलं तर माझा नवराही म्हणतो. काढ तो पंप. दे त्यांच्या हातात."

तातांनी मला छान हलवलं. मग वाकून माझी नळी फरशीकडे धरली आणि डबी दाबली. "पाचामामा, धरणीमाते, हा तुझा." पुन्हा दाबली. "हा खाणीतच कायमच्या राहिलेल्या माझ्या भावाचा." आणि मग मला त्या हिरव्या तोंडात धरून त्यांनी असा सुरेख श्वास ओढला की त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पानांचा कडू रस माझ्या नळीत शिरला.

लिझेथ पांढरी पडली. "हे तुम्ही रोज करता?"

"प्रत्येक वेळी. तूच सांगितलंस ना? बाकीच्यांना आपलंच आधी उरकायचं असतं. म्हटलं, ही पोर घरची रीत शिकलेली दिसते."

लिझेथच्या घरी बिअरचा पहिला घोट जमिनीवर ओतून पाचामामालाच जातो. पोतोसीत कुणाच्या घरी जात नाही? आणि नवीन पंप पहिल्यांदा वापरतानाच फवारे बाहेर सोडायचे असतात, रोज नाही, हे सांगायला हिला तोंड नव्हतं का? ज्याला श्वास घेता येत नाही त्याचं औषध फरशी पीत होती. मला त्या मुलीची शिसारी आली. हिरव्या तोंडाचीही आली नव्हती इतकी.

"ताता," ती खुर्चीपाशी बसून म्हणाली, "औषध जमिनीला नका देऊ. तिला कुठे दमा आहे?"

"तिच्या पोटात मी जन्मभर सुरुंग लावले. आता तिच्याआधी मी घेऊ?"

"पानं द्या की बाबा तिला," हुस्ता म्हणाली.

"जे आपण घेतो तेच द्यायचं असतं. पाहुण्याला मीठ देऊन स्वतः चहा पितेस का तू?"

मग लिझेथने तातांच्या हातात राहिलेल्या माझ्याकडे पाहिलं. "मग हा घ्या. पाचामामाचा आणि भावाचा वाटा यातून द्या. तुमच्या पंपातलं सगळं तुमचं."

"यात काय आहे?"

ती खोटं बोलली नाही. "काही नाही, ताता. नुसती हवा आहे."

तातांनी मला कानाशी धरून हलवून पाहिलं. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. "हवा?" ते म्हणाले. "मग चालेल. हवेहून मोठं काय द्यायचं मी तिला?"

लिझेथने मला घेतलं. बोळा शोधला नाही, आपल्या उघड्या बोटांनी माझ्या नळीतला हिरवा चोथा काढला. "हा रिकामा झाला की घेऊन या. तेव्हा मला पुन्हा करून दाखवायचं. खरा पंप, तोंडात धरून."

मित्रांनो, आता मी तातांच्या कोटाच्या खिशात राहतो. खरा पंप शेजारी, वर कोकाची पानं, खाली पानांबरोबर चघळायचा राखेचा खडा आणि उकडलेल्या बटाट्याची कधीची तरी अर्धी फोड. सकाळी मला जमिनीकडे धरतात. परवा तर खाली कुत्र्याची घाण होती, तरी तातांनी हटकून तिथेच फवारा मारला. म्हणाले, ही जागाही तिचीच. आता कुणाचंही तोंड मला लागत नाही. जन्मभर जे मागत होतो ते मिळालं, आणि अजून मला धुवायचं कुणाच्या मनात येत नाही.

तुमच्या घरी कुणी इस्पितळातून औषध घेऊन आलं, तर समजलं का, असं विचारू नका. करून दाखवा म्हणा, आणि दाखवेपर्यंत तिथून हलू नका. आणि माझ्यासारख्या वस्तूला कधीतरी साबण लावा.

माझी डबी आता हलकी होत चालली आहे. ताता रोज मला कानाशी हलवून बघतात. काल हुस्ताला म्हणाले, "हा संपत आला. त्या पोरीकडे जायला हवं." ती मला पुन्हा दोन बोटांनी उचलेल, नाक मुरडेल. खुशाल मुरडू दे. पण आधी तातांच्या तोंडाकडे बघू दे.