धुणं कोण धुणार?

अभिमन पाटलाच्या मेघाला वॉशिंग मशीनचं वेड होतं, आणि साऱ्या भावकीने त्या वेडाचा अर्थ साफ उलटा लावला होता.

वेड तसं जुनंच. पोरगी नुकती बोलायला लागली होती तेव्हा जळगावला मामाच्या घरी गेली. मामीने मोरीतलं मशीन सुरू केलं आणि ही त्याच्यापुढे जी फतकल मारून बसली, ती जेवायलाही उठेना. मामी म्हणाली, "चल, टीव्ही लावून देते." पोरगी म्हणाली, "हाच टीव्ही." तेव्हा सगळे पोट धरून हसले. आता मेघा नऊ वर्षांची झाली होती, आणि धरणगावजवळच्या त्या खेड्यात पाटलांच्या गोठ्याची वाटणी झाली होती. इकडे म्हैस, तिकडे मशीनं. "म्हैस निदान दूध तरी देस," असं तिची आजी प्रमिलाबाई म्हणायची, पण मशीनांवर कोंबड्या बसू नयेत म्हणून जुनी सतरंजी पसरायचीही तीच.

नव्या मशीनशी मेघाचं पटत नसे. नव्याचं झाकण लागलं की आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि काम झालं की ते मोबाइलसारखं गाणं म्हणतं. तिला हवीत ती जुनी, गुरगुरणारी, अंग हलवत मोरीतून दारापर्यंत चालत येणारी. धरणगावच्या मगन भंगारवाल्याला हे ठाऊक होतं. असलं काही आलं की तो तोडण्याआधी अभिमनला फोन करायचा. अभिमनचा धाकटा भाऊ ललित धरणगावातच पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. तो पुतणीसाठी मशीनांच्या वायरी बदलायचा, पट्टे बसवायचा. मेघाची आई दिपमाला हिचा नियम एकच होता. ललितकाका घरी असल्याशिवाय पिन लावायची नाही, आणि पायात चप्पल नसेल तर काका असला तरी लावायची नाही.

आता गंमत अशी, की येणारा-जाणारा पाहुणा हे सगळं बघायचा आणि कौतुकाने मान डोलवायचा. "वा! पोरले धुनानी भारी आवड शे. सासरले नाव काढी ही!" हे ऐकलं की मेघाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण धुण्याचा तिला मनापासून कंटाळा. स्वतःचे शाळेचे मोजे ती आईने दहादा बोलल्याशिवाय भिजवायची नाही. मशीनमध्ये ती नुसतं पाणी घालायची, फार तर एखादी लाल चिंधी टाकायची, पाणी कसं फिरतं ते दिसावं म्हणून. फिरणं हीच तिची आवड होती, आणि ती पाहुण्यांच्या डोक्यात शिरत नव्हती.

एकटा अभिमन प्रत्येकाला समजावायचा. "धुण्याची नाही हो, फिरण्याची." पाहुणे हसून सोडून द्यायचे, पण तो बोलायचा सोडायचा नाही. मेघाला तेवढं पुरे होतं. बाप आपल्या बाजूने आहे, मग बाकी जग गेलं उडत.

एकदा ललित कुणाचा पंप बसवायला धुळ्याला गेला आणि येताना मोबाइलमध्ये एक फोटो घेऊन आला. तिथल्या देवपूर भागातल्या उषाताई नावाच्या निवृत्त शिक्षिकेच्या मागच्या व्हरांड्यात त्याला ते दिसलं होतं. गोल पिंपासारखं पांढरंशुभ्र मशीन, तीन पायांवर उभं, मधोमध पाणी घुसळणारा पात्यांचा खांब, आणि वरती कपडे पिळायला रबराची दोन लाटणी आणि ती फिरवायला एक दांडा. मेघाने फोटो पाहिला आणि बॅटरी संपेपर्यंत मोबाइल सोडला नाही. चार्जिंगला लावल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली आणि पुन्हा पाहायला लागली. रात्री जेवताना तिने एवढंच विचारलं, "पप्पा, ते आपल्याला मिळेल?"

उषाताई घर आवरून लेकीकडे नाशिकला चालल्या होत्या. मशीनचा त्यांना एक रुपया नको होता, पण अट होती. ते कामाला लागलं पाहिजे. हायवेवरचा एक हॉटेलवाला दोनदा येऊन गेला होता; त्याला ते दारात ठेवून त्यात मोगरा लावायचा होता. त्याला त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं. पण दुसरं कुणी आलं नाही तर मशीन त्यालाच जाणार होतं, भंगारात जाण्यापेक्षा ते बरं म्हणून.

ही अट ऐकून अभिमन विचारात पडला. पोरीने आजवर काही मागितलं नव्हतं. जत्रेत खेळण्यांच्या दुकानापुढून ती सरळ चालत जायची. हे एक मागितलं होतं, आणि तिथे विचारणार होते, "नेऊन करणार काय?"

रविवारी ललितने मित्राची पिकअप आणली. प्रमिलाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या लुगडं बदलून सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या होत्या. वाटेत पारोळ्याला चहा झाला. मेघा अखंड बोलत होती. त्या खांबाचं तोंड अर्धं डावीकडे फिरतं, मग अर्धं उजवीकडे, नको-नको म्हणून मान हलवल्यासारखं, आणि तसं आता कुणी बनवत नाही. अभिमन 'हं, हं' करत होता. मनात त्याने उत्तर तयार केलं होतं. ते त्याने पोरीला सांगितलं नाही, आणि तिथेच त्याचं चुकलं.

उषाताईंनी मशीनवरची चादर ओढली तेव्हा मेघाने हात पाठीमागे बांधले. शिवायची हिंमत झाली नाही तिला. ती भोवतीने फिरली, वाकून खालची मोटार पाहिली, पुन्हा फिरली.

"हाई तं रसवंतीना चरक शे व माय!" प्रमिलाबाई रबरी लाटण्यांकडे बघून म्हणाल्या.

उषाताई खळखळून हसल्या. "आमच्या गल्लीतले लोकही तेच म्हणायचे. वडिलांनी मुंबईहून आणलं होतं. माझ्या आईचे हात सोड्याने फुटायचे, रक्त यायचं. हे आल्यावर बरे झाले. म्हणून म्हणते, याने काम केलंय, याला काम मिळालं पाहिजे." मग त्या अभिमनकडे वळल्या. "तर, नेऊन करणार काय?"

अभिमनने घसा साफ केला. "बाई, आमची मेघा घरातलं सगळं धुणं करते. तिला धुण्याची फार आवड आहे."

मेघा होती तिथेच थांबली. तिने बापाकडे पाहिलं. गावाने हजारदा म्हटलेलं वाक्य, पण या तोंडून ते कधी आलं नव्हतं.

"मी धुणं करत नाही," ती उषाताईंना म्हणाली. "मला ते मुळीच आवडत नाही. मला मशीन नको." आणि ती तडक बाहेर गेली, पिकअपमध्ये बसली आणि काच वर करून घेतली.

अभिमनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दारात आलेलं मशीन गेलं, त्याचं त्याला तेवढं वाईट वाटलं नाही. पोरीच्या डोळ्यांत आपण पाहुण्यांच्या रांगेत जाऊन बसलो, हे त्याला सहन होईना.

"खरं कोण बोललं?" उषाताईंनी विचारलं. आवाज शाळेतलाच होता.

"पोरगी," अभिमन म्हणाला. "ती नुसती बघते, बाई. पाणी फिरतं ते. एक चिंधी टाकते आणि ती कुठून कुठे जाते ते बघत बसते. का ते मला समजत नाही. पण संध्याकाळी शेतातून आलो की मीही तिच्याशेजारी बसतो. खोटं कशाला सांगू, दिवसातला तेवढा वेळ मला फार गोड लागतो."

"खरं बोललात ते बरं केलंत," उषाताई म्हणाल्या. "पण नुसतं बघायचंच असेल तर हॉटेलच्या दारात काय वाईट? तिथे चार माणसं तरी बघतील."

ललित छताकडे बघायला लागला. बाहेर गाडीच्या काचेमागे मेघाचं डोकं तेवढं दिसत होतं, पाठमोरं.

"कामाला लागेल," अभिमन एकदम म्हणाला. "धुणं मी धुईन."

"येडा व्हयना का रे?" प्रमिलाबाईंच्या तोंडून निघालं.

"नही, माय. मी धुसू. दर रविवारी, बठ्ठ्या घरनं." मग उषाताईंकडे वळून तो म्हणाला, "सगळ्या घराचं मी धुईन आणि ती बघेल. दोन्ही होईल."

उषाताईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गेल्या जन्मात तरी याने रुमाल धुतला असेल का, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्या आत गेल्या आणि पलंगावरची चादर ओढून घेऊन आल्या. "धुवा मग. आत्ता, माझ्यासमोर."

ललितने वायर तपासली, बादल्या ओतल्या. अभिमनने बाह्या सारल्या आणि साबणाची पावडर अशी ओतली की जणू कपाशीला खत घालतोय. बटण दाबलं. मशीन आधी नुसतं कण्हलं, मग खांबाने मान हलवायला सुरुवात केली आणि व्हरांडाभर आवाज भरला. घुर्र-घप, घुर्र-घप. फेस काठावरून उतू जाऊन अभिमनच्या पायांवर आला. प्रमिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की लाजत होत्या, ते त्यांनाच ठाऊक.

गाडीचं दार वाजलं. मेघा व्हरांड्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बापाकडे तिने पाहिलं नाही. टाकीकडे मात्र पाहत राहिली.

आता पिळायचं होतं. अभिमनने चादरीचा बोळा उचलून तसाच लाटण्यांमध्ये कोंबला आणि दांड्याला जोर लावला. लाटणी अडकली. त्याने आणखी जोर लावला. मशीन थडथडलं.

"थांबा, मोडेल!" मेघा धावली. तिने वरची खिट्टी सैल केली, बोळा बाहेर ओढला, चादर झटकून पसरली आणि एक कड सरळ धरून लाटण्यांच्या तोंडाशी नेली. तिने हे कधी केलं नव्हतं, व्हिडिओत मात्र शंभरदा पाहिलं होतं. "असं. आधी पसरायचं. आता फिरवा, हळू."

अभिमन हळू फिरवायला लागला. चादर पलीकडून पापडासारखी सपाट निघत गेली, पाणी टाकीत पडत राहिलं. तो घामाने आणि साबणाने निथळत होता.

उषाताई मेघाजवळ आल्या. "हे दर रविवारी धुणार म्हणतात. यांच्यावर लक्ष ठेवशील?"

"ठेवीन," मेघा म्हणाली. "पण पावडर मी देईन. यांना कळत नाही."

"मग घेऊन जा," उषाताई म्हणाल्या, आणि झाकणावरून एकदा हात फिरवून त्या चहा टाकायला आत गेल्या.

परतताना पारोळं मागे पडलं. मेघा समोर रस्त्याकडे बघतच म्हणाली, "पप्पा, तसं परत बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"मशीन मिळत असलं तरी."

"मिळत असलं तरी नाही," अभिमन म्हणाला. थोड्या वेळाने पोरीचं डोकं त्याच्या दंडावर टेकलं. ती झोपली होती की नाही हे त्याने पाहिलं नाही, हात मात्र घरापर्यंत हलवला नाही.

पुढच्या रविवारी ललितने पिन लावून दिली आणि अंगणात मशीन सुरू झालं. ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. शेजारचा उखर्डू भिंतीवरून डोकावला. "काय रे अभिमन, बायको माहेरले गई का?"

"आठेच शे," दिपमाला ओट्यावरून म्हणाली. ती शेंगा सोलत बसली होती, सकाळच्या वेळी, पाय पसरून. "ये, तू बी शिकी ले."

उखर्डूचं डोकं खाली गेलं. अभिमनचे कान लाल झाले, पण हात चालू राहिले. मेघा टाकीच्या काठाला हनुवटी लावून बसली होती. आतला शर्ट डावीकडे गेला की तिचे डोळे डावीकडे, उजवीकडे आला की उजवीकडे.

तेवढ्यात प्रमिलाबाई घरातून आल्या. त्यांच्या हातात त्यांचं लुगडं होतं. आपलं लुगडं त्यांनी कधी सुनेलाही धुऊ दिलं नव्हतं. ताप असला तरी स्वतः उठून दगडावर आपटायच्या. मुलाने आईचं लुगडं धुवायचं हे तर कुणी ऐकलंही नव्हतं. त्या क्षणभर मशीनपाशी घुटमळल्या.

"हाई बी टाकी दे," त्या म्हणाल्या, आणि लुगडं त्याच्या हातात देऊन पटकन तोंड फिरवून म्हशीकडे गेल्या.

अभिमनने लुगडं हळूच पाण्यात सोडलं. मग त्याने लेकीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. टाकीत हिरवा काठ उलगडत होता, पाण्याबरोबर अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे.

"पप्पा, खाली बसा ना," मेघा सरकून म्हणाली. "उभ्याने नीट दिसत नाही."

अभिमन ओले हात शर्टाला पुसून तिच्याशेजारी उकिडवा बसला.