चारशे सतरा नंबरची सिरिंज

मित्रांनो, मी वीस सीसीची एक जुनी काचेची सिरिंज आहे. माझ्या नळीवर आणि दांड्यावर ४१७ हा एकच नंबर आहे, कारण आम्हा दोघांना कारखान्यात जोडीनेच घासून बसवलं. धरणगावच्या दवाखान्यात हसीनाबींनी मला वर्षानुवर्षं उकळलं, जपलं. मग प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या आणि मी इतर काचेच्या सिरिंजांसोबत त्यांच्या घरी डब्यात पडले. फार वाईट वाटलं मला.

परवा त्यांचे यजमान नासीर मिस्त्री यांनी तो डबा उघडला. गिरधरभाऊंच्या जुन्या मोटारीचं इंजिन ते दुसऱ्यांदा बांधत होते. मागच्या खेपेला त्यांनी बाजारातले पिस्टन अंदाजाने बसवले होते. महिन्याभरात एकाला भोक पडलं, तेव्हा मिस्त्रींनी खापर पेट्रोलवर फोडलं. आता इंजिन पुन्हा बिघडलं तर गिरधरभाऊ गाडी भंगारात देणार होते.

म्हणून या वेळी मिस्त्रींनी मोजायचं ठरवलं. तसलाच नवा पिस्टन अगदी वर आणायचा आणि त्याच्या डोक्यावर उरलेल्या जागेत माझ्यातून रॉकेल भरायचं. सिलिंडर अडीचशे सीसीचा. वरची जागा तेहतीस भरली तर दाब साडेआठ पट, म्हणजे ठीक. जागा कमी निघाली तर दाब वाढतो आणि साधं पेट्रोल भलत्या वेळी भडकतं. मोजून तेहतीसच सीसी गेलं. मिस्त्री खूश झाले.

हसीनाबी चहा घेऊन आल्या. त्यांना मिस्त्रींचं ओलं मनगट दिसलं.

"नंबर दखा," त्या म्हणाल्या. "हाऊ दांडा या नळीना नई शे."

घाईत माझ्या नळीत डब्यातल्या दुसऱ्या सिरिंजचा, ४७१ चा दांडा गेला होता. रॉकेल मागून गळत होतं आणि गळलेलंही मोजणीत धरलं जात होतं. त्यांनी माझा दांडा शोधून बसवला, पुन्हा मोजलं. सत्तावीस! म्हणजे दाब दहा पटीच्या वर. नव्या पिस्टनचं डोकं मूळच्यापेक्षा उंच होतं, मागच्या पिस्टनांचंही तसंच, म्हणून तर भोक पडलं होतं.

गिरधरभाऊ आले तेव्हा मिस्त्रींना गप्प बसता आलं असतं. पिस्टन बदलले की काम भागत होतं. हात पुसून ते म्हणाले,

"मांगली चूक मनी व्हती, भाऊ. तुमना पेट्रोलनी नई."

गिरधरभाऊंनी उघड्या इंजिनाकडे पाहिलं. "मंग गाडी आठेच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि गाडी मिस्त्रींच्याच हाती सोपवून गेले.

मित्रांनो, मला जपून ठेवा, पण त्याहून महत्त्वाचं एक सांगते. हवं तेच उत्तर पहिल्या फटक्यात आलं, की कृपा करून पुन्हा एकदा मोजा.