वरच्या थरातली डागा

मी टांगानिका सरोवरातली डागा बोलतेय. समुद्रातल्या तारलीची गोड्या पाण्यातली बहीण. बोटाएवढी आहे, म्हणून माझ्या नावावर कुणीही काहीही खपवावं?

किगोमाच्या किनाऱ्यावर होडीतून उतरले आणि म्वासितीच्या टोपलीत पडले. बाकीच्या बायका मासळी सरळ वाळूवर पसरतात. काम झटपट उरकतं. म्वासितीने मात्र बांबूवर जाळी ताणलेली. आम्हाला सारखी परतायची. ढग दिसला की तोंडातला घास तसाच ठेवून धावायची.

शेजारीण टोमणा मारी, "अगं, मासळी वाळवतेस की नवरी सजवतेस?"

"हसा खुशाल! माझी मासळी दाताखाली कचकचली, तर मला नावं ठेवा."

ह्या नावावरच तिचं घर चालायचं. दूरच्या दोदोमा शहरातली खानावळवाली आशुराबाई तर दुसऱ्या कुणाचा माल घेतच नसे.

मधला व्यापारी रमझानी. बोलायला मध. "मावशी, तुझ्या हाताला तोड नाही!" म्हणत पोती उचलली, आणि गोदामात नेऊन काय केलं? तळापासून वाळूवरचा स्वस्त माल भरला आणि वर आमचा वीतभर थर पसरला. गिऱ्हाईक वरची एक मासळी चावून बघतं, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणजे खोटी साक्ष द्यायला मी! खालच्यांवर माझा राग नाही हो, त्याही माझ्याच बहिणी. वाळूत लोळायचं त्यांनी थोडंच मागितलं होतं?

आशुराबाईने एक चावली, मान डोलावली. वरच्या आम्हा चांगल्यांना घरच्या पाहुण्यांसाठी बरणीत भरून खानावळीतल्याच फडताळावर ठेवलं, उरलेलं पोतं गिऱ्हाइकांच्या कालवणाला.

चौथ्या दिवशी एका ड्रायव्हरने मक्याच्या उगालीचा कालवणात बुडवलेला घास थुंकला. "आशुराबाई, कालवणात सरोवराचा काठपण घातलास काय?"

सगळी खानावळ हसली. आशुराबाईने तिथल्या तिथे रमझानीला फोन लावला. "त्या म्वासितीला सांग, तुझा माल बंद!"

"सांगतो, ताई. आळशी झाल्यात हल्ली ह्या बायका."

आळशी! ढगामागे धावणारी ती, आणि आळशी? बरणीत माझा नुसता जळफळाट झाला.

आशुराबाई, फडताळावरची ही बरणी काढ. चाव मला. वाळूचा कण लागला तर खुशाल कोंबड्यांना घाल. नाही लागला, तर विचार, एकाच पोत्यात दोन वेगळ्या हातांची मासळी आली कशी? मग फोन लाव, पण रमझानीला नको. किगोमाच्या किनाऱ्यावरून आलेल्या कुणालाही विचार, म्वासितीचा नंबर देतील. तिला अजून माहीतसुद्धा नाही, तिचं काय गेलंय ते.