मॉरीनबाईंचा कोट

"आग लागो तुमच्या शहाणपणाला!" मी नवऱ्याला म्हटलं, ते साऱ्या मलाझ मोहल्ल्याने ऐकलं असेल. ऐकू दे!

रियाधात परका पुरुष बाईचं माप घेत नाही. म्हणून आमचं ठरलेलं: मापं मी घरी घ्यायची, कापड ह्यांनी, म्हणजे जाफरनी, शिवणाच्या दुकानात कापायचं. मॉरीनबाई, इंग्रज नर्स, माझी जुनी गिऱ्हाईक. एक्क्याण्णव सालच्या आखाती युद्धाची मुदत चार दिवसांवर आली, तशी ती मायदेशी निघाली. जायच्या आधी एक कोट घेऊन आली. काळा, मांडीपर्यंत लांब, मखमली कॉलरचा, अगदी पुरुषी.

"अस्तर फाटलंय, तेवढंच लाव. बाकी काही बदलू नको," मोडक्या हिंदीत तिने बजावलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये म्हणे अशा पोरी निघाल्या होत्या. टेडी गर्ल म्हणायचे त्यांना. कारखान्यात राबायच्या, पुरुषांच्या शिंप्याकडून असे कोट शिवून घ्यायच्या आणि बॉम्बने पडलेल्या गल्ल्यांतून ऐटीत फिरायच्या. लोक नावं ठेवायचे, बाप मारायचे. मॉरीन तेव्हा सतरा वर्षांची. आता पस्तीस वर्षांनी चौघी मैत्रिणी तेच कोट घालून भेटणार होत्या.

मी अस्तर लावलं. घालूनही पाहिला, खोटं कशाला बोलू? आरशात मी अशी ताठ उभी राहिले की माझं मलाच हसू आलं. मग कोट इस्त्रीला दुकानात पाठवला. फक्त इस्त्रीला!

आणि या गृहस्थांनी काय करावं? बटणं उजवीकडे दिसली. बाईच्या कोटाला ती डावीकडे लागतात, म्हणजे कुणा अडाण्याची चूक, असं ठरवून डावीकडे घेतली. कमरेत आवळला. खालून पाच इंच कापला. वर मला म्हणतात, "बदरू, तिच्याकडून पैसे घेऊ नको. आता कसा बाईमाणसाचा दिसतो!"

कापलेली पट्टी कचऱ्याच्या गाडीत गेली होती.

मॉरीन आली. कोट अंगात घातला. बटण लावायला हात सवयीने गेला तिथे बटणच नव्हतं. चेहरा लालबुंद झाला तिचा. मी रडत ओरडत सुटले, "मी नाही केलं, ह्यांनी केलं, ह्यांनीच!"

"तू त्याला नको म्हणून सांगितलं होतंस?" तिने विचारलं.

नवऱ्याला नको म्हणून सांगता येतं, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.