क्लेमचा ठिपका

"चहा थंड होतोय तुमचा," टेगन म्हणाली.

"होऊ दे. आधी हे बघ, पोरी." नेरिडाने भिंग तिच्या हातात दिलं.

टेबलावर तिच्या नवऱ्याची, क्लेमची पेटी उघडी होती. टाचण्यांवर ओळीने बसवलेले शेणकिडे, वाटाण्याएवढे. नवरा-बायकोने बावीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गुरांच्या कुरणात बादली पुरली, वर शेणाची पुरचुंडी टांगली आणि दुसऱ्या दिवशी आत पडलेला एकूण एक किडा मोजला. शेजारी खो खो हसायचे. क्लेमला त्याचं काही नसायचं. अकरा वर्षांपूर्वी त्याला तीन तपकिरी किडे सापडले. दूर दक्षिणेतली जात, क्वीन्सलंडात कुणी न पाहिलेली. तेव्हा नुसत्या फोटोवर भागलं आणि शेणकिड्यांच्या देशभरच्या नकाशात त्यांच्या किल्किव्हन गावापाशी एक ठिपका उमटला. स्वारी महिनाभर हवेत होती.

आता नवा नकाशा निघणार होता, म्हणून टेगन संग्रहालयाकडून जुन्या नोंदी पडताळत फिरत होती.

"शिंग नाही, म्हणून त्याला वेगळी जात वाटली," नेरिडा म्हणाली. "अगं, शिंग असेल कुठून? माद्या आहेत या. दोन दिवसांत शेणाच्या पोचा भुसा करते ना, त्या आपल्या नेहमीच्याच जातीच्या."

टेगनने बराच वेळ भिंगातून पाहिलं. "खरंय. कधी लक्षात आलं?"

"तो गेल्यावर. वर्ष झालं. कितीदा वाटलं, पेटी शेगडीत घालावी. कोण विचारतंय?"

"मग?"

"मग काय. दुसऱ्या कुणी अशी चूक दडवली असती, तर हाच म्हातारा त्याच्या अंगावर धावून गेला असता."

टेगनने यादीतली ती नोंद खोडली. क्लेमचा ठिपका गेला. क्लेमच्या अक्षरातली इवलीशी चिठ्ठी नेरिडा टाचणीवरून ओढून काढायला लागली.

"अहं, ती नाही काढायची. चुकीची असली तरी जुनी चिठ्ठी राहते. नवी तिच्याखाली लावायची. आमच्यात तशीच रीत आहे."

नेरिडाने चष्मा पुसला. बारीक अक्षरात जातीचं खरं नाव लिहिलं आणि त्याखाली 'ओळखणारी: नेरिडा हॅडो'. वरच्या चिठ्ठीवर 'ओळखणारा: क्लेम हॅडो' होतं. दोन्ही एकाच टाचणीला.

"उरलेल्या दोघींचंही लिहून टाकते," ती म्हणाली. "मग बादली पुरायला जायचंय. आज पहिली तारीख."