बाणांवरचं कुंकू

नाचायची मशीन बिघडून मरत नाही. बिघडली तर दुरुस्त होते. मी कैक वेळा केली आहे. तिच्यावर पाय पडायचे थांबले की ती मरते. हे ज्ञान मला हैदराबादच्या एका गोदामात झालं. तिथं अशा नऊ मशिनी ओळीनं उभ्या होत्या, भंगारात किलोवर जायच्या बेतात. मी एकेकीची वायर लावून पाहिली. नऊच्या नऊ चालू. मग विकता काहून, असं विचारल्यावर गोदामवाला म्हणाला, "बच्चे लोग आते नहीं अब." त्यातली एक मी टेम्पोत घालून वारंगा फाट्याला आणली. ते साल २००४.

तेव्हा फाट्यावर माझं टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. मशीन आत जाईना म्हणून मी शटरच्या बाजूची अर्धी भिंत पाडली. गावात बातमी झाली की कौशल्याबाईच्या वैजनाथाचं डोकं फिरलं. मशीन पाहिल्यावर त्यांची खात्रीच पटली. कपाटाएवढा डबा, त्यात पडदा, आणि समोर लोखंडी चौथरा. चौथऱ्यावर दोन माणसांपुरत्या जागा, आणि प्रत्येक जागेत चार काचेच्या पट्ट्या: पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं बाण काढलेले. गाणं सुरू झालं की पडद्यावर खालून बाण वर चढतात. बाण वरच्या रेघेला टेकला की आपण त्याच दिशेच्या पट्टीवर पाय द्यायचा. पट्टीखाली दिवा लागतो. बराबर दिला तर गुण, चुकला तर मशीन सगळ्यांदेखत आपली लाज काढते. गाणी सगळी परदेशी. कोणाला एक अक्षर कळायचं नाही आणि कोणाचं काही अडायचंही नाही.

पुढच्या दोन वर्षांत मी आणखी दोन मशिनी आणल्या, सुट्या भागांसाठी. त्या मागच्या खोलीत उघड्या पोटानं पडलेल्या असत. आई त्यांना 'मढी' म्हणायची, पण रोज झाडताना त्यांच्यावरची धूळही पुसायची.

खेळणारे हळूहळू जमले. बाबूसिंग हा ट्रक ड्रायव्हर, कळमनुरीजवळच्या तांड्यावरचा. एवढा आडवा गडी, पण मशीनवर चढला की पाय असे हलके पडायचे की खालच्या काचेला कळूही नये. सुकन्या कळमनुरीच्या एका शाळेत शिकवायची. शाळा सुटली की एसटीनं यायची, ओढणी कमरेला बांधायची आणि सगळ्यांचे गुण मोडून पुढच्या एसटीनं जायची. बाकी कॉलेजची पोरं, एक मेडिकलवाला, समोरच्या चहावाल्या संतरामचा भाचा. पंधरा-सोळा जण असतील. भारनियमनाचं वेळापत्रक वीज मंडळाचा माणूस एकवेळ विसरला असता, ही टोळी नाही. लाइट यायच्या पाच मिनिटं आधी दुकानासमोर चपला निघालेल्या असायच्या.

वाशिमला एका व्हिडिओ गेमच्या दुकानात अशीच मशीन होती आणि तिथंही अशीच टोळी होती. २००५ साली आम्ही जीप करून त्यांच्याकडं खेळायला गेलो आणि सपाटून हरलो. परत येताना कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर कोणाच्या घशाखाली घास उतरेना. फक्त बाबूसिंगच्या उतरला. पुढच्या वर्षी त्यांनी आमच्याकडं यायचं ठरलं. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. सुकन्या वर्षभर त्या एका रविवारासाठी खेळत होती.

पट्ट्यांखालचे सेन्सर झिजले होते म्हणून दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी हैदराबादला गेलो. खंडेनवमीला मी घरी नव्हतो, आणि घोळ झाला तो इथंच.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं-अवजारं निजवतात. नांगर, विळे, विहिरीवरची मोटर, मोटरसायकल, माझे पेचकस, टेस्टर, आईची शिलाई मशीन. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. आदल्या वर्षी नाचायच्या मशीनला मीच हार घातला होता, वर पडद्याला. या वर्षी आईनं पूजा केली. संतरामनं हौसेनं बटण दाबून दिलं. पट्ट्या उजळल्या, आणि आईनं आठही बाणांवर, प्रत्येकावर एक, अशी कुंकवाची ठसठशीत बोटं ओढली.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा सुकन्या चौथऱ्यावर चढायच्या बेतात होती. एक पाय उचललेला. तिनं खाली पाहिलं आणि पाय तसाच हवेत राहिला. मग तिनं तो हळूच मागं घेतला, वाकून पट्टीला हात लावला आणि छातीशी नेला.

"दादा, याच्यावर कुकू हाय," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय? पाय कसा देऊ?"

बाबूसिंग आला, त्यानंही पाहिलं आणि चपला परत घातल्या. कॉलेजच्या पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. आमच्याकडं चुकून वहीला पाय लागला तरी माणूस वहीला नमस्कार करतो. इथं तर जाणूनबुजून पाय आपटायचे होते. मी रात्रभर गाडीत उभा राहून आलेलो, सहा दिवसांवर सामना, आणि माझं डोकं मुळातच लवकर तापतं. मी थिनरचा बोळा घेतला आणि आठही बाण घासून लख्ख केले. "हे घ्या, झालं! आता नाचा," असं म्हणून वर पाहिलं तर दारात आई उभी. हातात माझ्यासाठी चहा. तिनं कप टीव्हीच्या खोक्यावर ठेवला आणि निघून गेली.

कोणीही नाचलं नाही. एकेक करून सगळे पांगले.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाबूसिंगचा ट्रक संतरामच्या टपरीपुढं थांबला. तो चहा पीत होता आणि माझ्याकडं पाठ करून बसला होता. मी रस्ता ओलांडून गेलो.

"बाबूसिंग, पुसलं ना मी. आता काय तकलीफ हाय?"

"तेच तर." त्यानं बशी खाली ठेवली. "आधी कुकू होतं म्हनून पाय देता येत नव्हता. आता माँनं लावलेलं तू पुसलं म्हनून देता येत न्हाई. तू दोनीकडून गाठ मारून ठेवली, वैजूशेठ."

मी वाद घातला. शिलाई मशीनची पूजा करून बायका तिचं पायडल मारत नाहीत का? खळ्याची पूजा करून त्यावर बैल फिरवत नाहीत का? संतराम किटली घासता घासता म्हणाला, "खळ्याचं कुकू कोनी थिनरनं पुसल्याचं मी तरी आयकलं न्हाई." टपरीवरचे सगळे हसले. मी हसलो नाही.

चिडून परत आलो आणि मशीन चालू आहे हे दाखवायला स्वतःच वर चढलो. एक गोष्ट सांगायची राहिली: मालक असून मला नाचता येत नाही. एरवी मी चढलो की फाटाभर करमणूक होते. त्या दिवशी समोरून वीस माणसं पाहत होती आणि एकानंही शीळ घातली नाही. गाणं संपायच्या आत मीच बटण बंद केलं.

घरी आई जेवायला वाढायची, पण दुकानाचं नाव काढायची नाही. एरवी दुपारी ती दुकानात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची, शेंगा सोलत पोरांचं नाचणं पाहायची. ते बंद झालं. ती रागावली आहे हे मी धरूनच चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही राग होता. निम्मा तिच्यावर, निम्मा स्वतःवर. माफी मागायची तर कोणत्या निम्म्याची, हे ठरेना.

शुक्रवारी वाशिमहून फोन आला. जीप ठरली, पाच जण येणार. "मशीन ठीक है ना?" मी म्हणालो, एकदम ठीक. फोन ठेवला आणि मला हैदराबादचं ते गोदाम आठवलं. रविवारी वाशिमवाले येतील, आमचा एकही गडी वर चढणार नाही, आणि सोमवारपासून माझ्याकडं तीन मढी असतील. टोळी एकदा तुटली की परत जमत नाही.

शनिवारी मी हळदीच्या रानात गेलो. आई पाठमोरी, वाकून सरीतलं तण काढत होती. मी बांधावर बसलो.

"माय, चुकलं माझं. पुसायला नको होतं."

तिनं मान वर केली नाही. "तुहं काहून चुकलं? चुकलं माहं."

मला कळेना. ती विळा सरीत रोवून उभी राहिली.

"पायडलाला कोन कुकू लावतं? शिलाई मशीनला मी चाकाला लावते, एवढी अक्कल हाय मला. पन तुह्या मशीनला चाक कुठं हाय? म्या लई धुंडलं. हात लावावा अशी जागाच दिसना. मंग उजेड दिसला तिथं लावलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लेकरं यायची बंद झाली. तुही मशीन म्या बंद पाडली. कोनत्या तोंडानं येऊ दुकानात?"

पाच दिवस ती माझ्यापासून तोंड लपवत होती आणि मी तिला रागावलेली समजत होतो. मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"मंग आता?" मी विचारलं.

"पूजा जिनं मांडली तिनंच ती हलवावी लागते. तू पुसली. हलवली न्हाई."

"मंग चल ना, हलव."

"अन् हलवून बी काय? पयला पाय कोन देईल? ज्यानं दिला त्याच्या मनात राहीलच." तिनं विळा उचलला. "म्याच द्यावा लागंल. ह्या वयात नाचायच्या मशीनवर चढू? चार गावचे लोक पाहून राहतील. न्हाई जमनार, वैजू."

मी आग्रह केला नाही. पंचावन्न वर्षांची बाई, लग्नाच्या वरातीतसुद्धा कधी बँडच्या पुढं न गेलेली. तिला काय म्हणून सांगायचं?

रविवारी लाइट दहाला आली. साडेदहाला वाशिमची जीप. पाच पोरं उड्या मारत उतरली, बूट काढून तयार. आमची माणसं आली होती, पण पाहुणे आलेत म्हणून. सगळी बाहेर, हाताच्या घड्या घालून. सुकन्या भिंतीला टेकून उभी होती आणि मशीनकडं पाहतही नव्हती. वाशिमच्या म्होरक्यानं विचारलं, "कोण खेळणार तुमच्यातून?" आता काय सांगावं म्हणून मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात मागची माणसं बाजूला सरली.

आई येत होती. रानातूनच आली होती, लुगड्याचा काठ मातीनं भरलेला. मुठीत अक्षता. ती सरळ आत आली, मशीनच्या चारी कोपऱ्यांवर अक्षता टाकल्या, चौथऱ्याला दोन्ही हात लावून तो जागचा हलवल्यासारखं केलं आणि हात जोडले. मग वळून सगळ्यांना म्हणाली, "कुकू लावनारी मी. पयला पाय बी माहाच. मंग कोनाच्या मनात काई राहू नये."

चपला काढून ती वर चढली. पायाखाली दिवा लागला तशी दचकली आणि चौथऱ्यामागची आधाराची दांडी घट्ट धरली. मी सगळ्यात सोपं गाणं लावलं. बाण वर चढायला लागले. आईनं डावा पाय टाकला, चुकला. उजवा टाकला, तोही चुकला. तिचा वेग रोप लावतानाचा, गाण्याचा वेगळा. पण ती थांबली नाही. ओठ घट्ट मिटून, मान खाली घालून एकेक पाऊल टाकत राहिली, आणि आठही पट्ट्यांवरून फिरली. कुंकू लावलेला एकही बाण सोडला नाही. मिनिटभरात मशीननं हार मानायला लावली आणि पडद्यावर मोठी लाल अक्षरं आली.

"हारले का गं?" तिनं सुकन्याला विचारलं.

"व्हय मावशी," सुकन्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "हारलात."

"मंग जिंका आता तुमी."

बाबूसिंगनं अशी शीळ घातली की जीपचा ड्रायव्हर धावत आला. चपलांचा ढीग पडला. सुकन्यानं ओढणी कमरेला बांधली आणि वर चढली. या वेळी तिचा पाय हवेत थांबला नाही. त्या दिवशी आम्ही वाशिमवाल्यांशी पाचातले तीन डाव जिंकलो. बाबूसिंग अजून चार सांगतो.

पण ते नंतर. आई खाली उतरताना मी हात दिला. माझ्या खांद्याला धरून ती हळू आवाजात म्हणाली, "लई गुळगुळीत काच हाय रं. माह्या टाचंच्या भेगा टोचल्या नसतील ना तिला? चरा तर पडला न्हाई?"

मी खाली पाहिलं. काचेला काही झालं नव्हतं. टाचांच्या भेगा मात्र बोट जाईल एवढ्या खोल होत्या आणि त्यांत रानाची काळी माती कायमची बसली होती. त्या मशीनच्या पट्ट्यांखालचा एकेक सेन्सर मी भिंग लावून तपासला होता, त्याच्यासाठी हैदराबादच्या खेपा केल्या होत्या. आईचे पाय मी त्या दिवशी पाहिले.

"न्हाई माय," मी म्हणालो, "काई झालं न्हाई तिला."

"मंग बरं," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.