उन्हाकडे पाठ

मी दवाखान्याच्या गच्चीवरची सोलर प्लेट बोलतेय. एकटी नाही, आम्ही चांगल्या डझनभर बहिणी आहोत. पण बाकीच्या अबोल, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

कारखान्यात आम्हाला एकच धडा मिळाला होता : तोंड उन्हाकडे ठेवायचं, बाकीचं आपोआप होतं. मग खोक्यात बसून आम्ही इथे आलो. खाली लसींचा फ्रीज आहे, तो आमच्या विजेवर चालायचा होता. हे कळलं तेव्हा मला अंगच नसूनही अंगावर मूठभर मांस चढलं!

निवडणूक जवळ आली होती. उद्घाटनाचा मंडप रस्त्यावर, गर्दी रस्त्यावर, कॅमेरेही रस्त्यावर. मग आमची तोंडं कुठे असणार? रस्त्याकडेच! ऊन दिवसभर इमारतीच्या मागच्या अंगाने फिरायचं आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून उभ्या. फोटो मात्र झकास आला. आमदारसाहेब हसले, आम्ही चमकलो, टाळ्या पडल्या. वीज तेवढी नावाला.

दुपार झाली की फ्रीज मान टाकायचा. गावची वीज तर येऊन-जाऊनच असायची. मग सिस्टर खालून हाक मारायच्या, "मामा, फ्रीज परत बंद पडला हो!"

"तरी म्हटलं, आज घरघर कशी ऐकू येत नाही," शिपाईमामा म्हणायचे.

गरम झालेल्या लसी फेकाव्या लागत. बाळांना घेऊन लांबून आलेल्या आया तशाच परत जात. त्यांना नाही म्हणताना सिस्टरचा आवाज बारीक व्हायचा. मला तो वर ऐकू यायचा आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा इंजिनीअर पाहणीला आले, तेव्हा सिस्टरनी त्यांना गाठलं. "अहो, यांची तोंडं तेवढी फिरवून द्या ना."

"मंजूर नकाशात तोंड रस्त्याकडे आहे, सिस्टर. मी एक स्क्रू जरी सैल केला ना, तरी वरून विचारणा होईल."

"वर तर सूर्य आहे. तो काही विचारणार नाही!"

इंजिनीअर हसले आणि जिना उतरून गेले.

निवडणूक झाली, साहेब पडले, नवे साहेब आले. डिझेलवाले शेठ मात्र होते तिथेच होते. प्रचारात दोन्ही पक्षांच्या गाड्या त्यांच्याच डिझेलवर पळाल्या होत्या. आता त्यांना प्रत्येक सरकारी इमारतीत जनरेटर बसवायचा होता. मग आमची वीज मोजली गेली आणि निकाल लागला : सौर योजना फसली. आम्ही नाही हो, आमची दिशा फसली होती! पण ऐकतो कोण? आमच्यामुळे शाळेवरच्या, पाणीपुरवठ्याच्या टाकीजवळच्या सगळ्याच बहिणींवर गदा आली.

आम्हाला उतरवायच्या दिवशी नवे साहेब स्वतः आले. सोबत शेठ, इंजिनीअर आणि अर्थातच फोटोवाला. सिस्टर कोपऱ्यात उभ्या होत्या. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला, तशा त्या पुढे झाल्या.

"साहेब, एक बोलू? इथून फोटोत तुमच्या डोक्यावर जुन्या साहेबांचं कॉलेज येतंय. त्यांचं नाव चांगलं वाचता येतं."

साहेबांनी चमकून मागे पाहिलं. पुरुषभर उंच अक्षरं!

"आणि प्लेटा काढल्या," सिस्टर साळसूदपणे म्हणाल्या, "तर लोक म्हणतील, त्यांनी दिल्या नि ह्यांनी नेल्या. त्यापेक्षा फिरवल्या तर? पलीकडून फोटो काढला की मागे तुमचा नवा पूल येतो."

साहेबांनी पुलाच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाले, "फिरवा! योजनेला नवीन नाव देऊ. सगळ्या इमारतींवरच्या फिरवा!"

"पण नकाशा..." इंजिनीअर चाचरले.

"नकाशाही फिरवा!"

शेठचा चेहरा पडला, पण घटकाभरच. प्लेटा पुसायचं कंत्राट त्यांनी तिथल्या तिथे मागून घेतलं. माणसाची ही हुशारी मला अजून पुरती उमगलेली नाही.

दुसऱ्या दिवशी स्क्रू सैल झाले, कुरकुरत आम्ही वळलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारचं ऊन तोंडावर आलं. काय सांगू! पोटभर जेवण म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

सिस्टर वर आल्या. काचेवर हात ठेवला नि झटकन मागे घेतला. "तापलीस गं बाई!" म्हणाल्या आणि कठड्यावर टेकून हसत हसत रडल्या. मामा म्हणाले, "अहो, फ्रीज चालू आहे, मग रडताय कशाला?"

"म्हणूनच रडतेय," त्या म्हणाल्या.

माझी हरकत नाही, फोटो खुशाल काढा. नावं हवी तितकी बदला. पण आमची तोंडं आधी उन्हाकडे करा, एवढंच मागणं आहे.

आता दुपार कलतेय. खाली आयांची रांग आहे आणि आज कोणीच परत जात नाही. आत्ताच एका बाळाला सुई टोचली. असं काही भोकाड पसरलंय त्याने, की गच्चीवरच्या आम्ही सगळ्या जणी कान देऊन ऐकतोय.